इंदूच्या मानेचा फोटो

सौ. इंदुमती हिस,

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. मी बरा आहे. गॅस आठवणीने बंद करतेस ना?

सुशांतने मला इथल्या एका डॉक्टरकडे नेलं. चांगली नाकं कापून घेणाऱ्या बायकांचा हा डॉक्टर! आता म्हणे, पोटाची चरबी काढून जुन्या भाजलेल्या कातडीखाली भरायचं संशोधन चाललंय. मी म्हटलं, "माणूस आहे की उशी?"

सुशांत म्हणाला, "बाबा, आईची मान वळेल."

खात्री विचारली, तर डॉक्टर नुसता हसला. मेल्याने वर तुझा फोटो मागितला. स्टोव्हच्या भडक्यानंतरच्या प्रत्येक फोटोत तुझा पदर मानेवर.

फोटोवाल्याकडे जाऊ नकोस. आपल्या नीलाकडून, पदर बाजूला करून, एक काढून घे. मन नसेल तर नको. पण काय ते लवकर कळव.

तुझा,
दत्ताराम