मुशीचं तेल आणि गॅरंटी

उत्तन, मंगळवार, १९३८

जुनी घेतलेली मोटार महिन्यातच मोडली. विकणाऱ्या शेठने आज चाकाजवळ वास घेतला आणि म्हणाला, "मछली का तेल लगाया? गॅरंटी खतम!" अरे, मोडलाय तो ॲक्सल! तेल बाहेरच्या पत्र्याला, त्याचा काय संबंध? मी भांड भांड भांडलो. शेठ नरमत होता, तेवढ्यात बाबा ऐटीत बोलले, "आत बी लावलाय. होडीला लावतो तसा. एक सांधा सोडला न्हाय."

संपलं सगळं. पण चिडू तरी कसा? जन्मभर त्यांनी होडी अशीच जपली.

आत्ता पुन्हा तोच वास येतोय. बाबा बंद मोटारीला मुशीचं तेल चोळतायत. म्हणाले, "मोडली म्हणून काय झाला? खारा वारा खाईल तिला."