एका दिवसाचे भूलतज्ज्ञ

४ फेब्रुवारी

चि. चौकशीराव यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू सात वर्षांचा असताना आई एकदा पाहुण्यांना म्हणाली होती की याला उत्तर देऊ नका, एक दिलं की दुसरा प्रश्न तयारच असतो. काल टीव्हीवर तुला सभागृहात शपथ घेताना पाहिलं आणि तिचं ते वाक्य आठवलं. तिला आठवण करून दिली, तर म्हणाली, मी असं कधी म्हणालेच नाही. वर विचारलं, याच्या कोटाला इस्त्री कुणी केली होती. हल्ली तिला एका कानानं ऐकू येत नाही आणि दुसऱ्यानं ती निवडून ऐकते.

फोन केला की तुझा सहायक साहेब बैठकीत आहेत म्हणून सांगतो. पत्राला बैठक आडवी येत नाही, म्हणून हे पत्र.

आमचं तीस खाटांचं रुग्णालय तुझ्या ओळखीचं आहे. इथल्याच बाकांवर बसून तू मतं मागितलीस. ऑपरेशन थिएटर तू पाहिलंस तसंच आहे. उद्घाटनाच्या फितीचा तुकडा अजून दाराच्या कडीला लटकतोय आणि मोठ्या दिव्यावर मी जुनी चादर घातली आहे. आमच्या डॉक्टरीणबाई सिझर करू शकतात, पण भूल देणारे डॉक्टर गेल्या तीन वर्षांत आलेच नाहीत. पद आहे, माणूस नाही. त्यामुळे अडलेल्या बाईला चाळीस किलोमीटरवर शहरात पाठवायचं. थिएटरमध्ये सध्या आम्ही रजिस्टरं ठेवतो, कारण तिथे एसी आहे आणि उंदीर नाहीत.

परवा शिवणकाम करणाऱ्या एका बाईला घेऊन अँब्युलन्समधून मीच गेले. रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी चालली होती. एका हातात तिचा हात धरून मी डबे मोजत बसले, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. अठ्ठावन्न भरले. बाई वाचली, बाळ नाही. तिच्या पिशवीत तिनं स्वतः शिवलेली सात झबली होती. एकाला बटणं लावायची राहिली होती. ती पिशवी तिच्या सासूच्या हातात द्यायचं मला जमलं नाही. अजून माझ्या कपाटात आहे.

तू काही कर म्हणून हे लिहीत नाही. मन मोकळं करायला दुसरं कुणी नाही एवढंच.

लोभ आहेच, अधिवेशनातून सवड मिळाली तर वाढव.

तुझी
ताई


२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी प्रश्न दाखल केला. रागाच्या भरात मी दोन पानं लिहिली होती. इथे आमच्या पक्षाच्या कार्यालयात प्रश्न लिहून देणारे एक वयस्कर गृहस्थ आहेत, सगळे त्यांना प्रश्नमास्तर म्हणतात. त्यांनी माझी दोन पानं वाचली, चष्मा पुसला आणि त्यांचे चार भाग करून दिले. एक, रुग्णालयात भूलतज्ज्ञाचे पद तीन वर्षे रिक्त आहे, हे खरे आहे काय. दोन, असल्यास, त्यामुळे अडलेल्या स्त्रियांना चाळीस किलोमीटर दूर पाठवावे लागते, हेही खरे आहे काय. तीन, पद केव्हा भरण्यात येईल. चार, या प्रकरणी दोषींवर कोणती कारवाई करण्यात आली.

मी मास्तरांना विचारलं की यात दोषी कोण, जागा नुसती रिकामी आहे. ते हसले. म्हणाले, साहेब, चौथा भाग आपण सगळ्यांनाच लावतो, पुलाच्या प्रश्नाला आणि दुष्काळाच्यासुद्धा. त्याच्याशिवाय प्रश्न उघडा दिसतो. मी म्हटलं, लावा. तुझी चादर मात्र त्यांनी काढून टाकली. चादर हा धोरणात्मक विषय नाही म्हणे.

आईला सांग, इस्त्री मीच केली होती, आणि म्हणूनच कोट तसा दिसला.

तुझा लोभ कमी करू नकोस. इथे सगळे नुसता आदर करतात.

तुझा
धाकटा


१३ मार्च

चि. चौकशीराव यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

गेल्या शुक्रवारी चार वाजता आमचा कारकून धापा टाकत आला. हातात अतितातडीचा कागद, उत्तर आजच हवं. कागदावर सात कचेऱ्यांचे शिक्के होते. डॉक्टरीणबाई प्रशिक्षणाला गेलेल्या, म्हणून तो माझ्या टेबलावर आला. वाचला आणि हसूच आलं. माझ्या मनातलं मी तुला लिहिलं, तू ते सरकारला विचारलंस आणि सरकारनं ते फिरवून फिरवून मलाच विचारलं. आपण एका घरात राहत असतो तर हे स्वयंपाकघरातच भागलं असतं.

पहिल्या भागासमोर मी ‘होय’ लिहिलं. दुसऱ्यासमोरही ‘होय’ लिहून एकोणसत्तर बायकांची नावं आणि तारखा जोडल्या. तिसऱ्यासमोर ‘हे आम्हीही विचारत आहोत’ असं लिहिलं. चौथ्या भागाशी अडले. आधी लिहिलं की इथे कुणी दोषी नाही, माणूस नाही एवढंच. ते सरकारी वाटेना, म्हणून खोडून ‘निरंक’ केलं. संध्याकाळी परतल्यावर डॉक्टरीणबाईंनी न वाचता सही केली. त्या माझ्यावर विश्वास ठेवतात, हा त्यांचा मोठा दोष आहे.

आता खरी बातमी. मंगळवारी सकाळी भूलतज्ज्ञ आले! फक्त एका दिवसासाठी. प्रश्नामुळे वर गडबड उडाली असणार. शहरातून त्यांना पाठवलं होतं ते हजेरीपटावर सही करायला आणि थिएटरच्या दारात फोटो काढायला. तरुण मुलगा. गाडी चालूच ठेवून आला होता. आणि नेमकी तेव्हाच बेकरीवाल्याची सून अडली होती, बाळाचे ठोके कमी होत होते.

मी डॉक्टरांना चहा दिला. त्यांच्या ड्रायव्हरला समोर जेवायला पाठवलं आणि गाडीची किल्ली मी सांभाळते म्हणून मागून घेतली. ती एप्रनच्या खिशात टाकली आणि मग डॉक्टरांना सांगितलं की किल्ली आता काही केल्या सापडत नाही, तोवर एक पेशंट बघता का. त्यांनी माझ्या खिशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बाह्या वर केल्या. रजिस्टरं बाहेर काढून सगळं धुऊनपुसून घ्यायला चाळीस मिनिटं लागली. दिव्यावरची चादर मी स्वतः काढली. नंतर हात धुताना ते म्हणाले की दोन वर्षं मी गावोगाव फिरतोय सिस्टर, सगळीकडे माझी सही मागतात, भूल आज पहिल्यांदा कुणी मागितली.

एक वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. काय ओरडली म्हणून सांगू! शिवणकामवालीची पिशवी मी आठवड्यापूर्वी धीर करून तिच्याकडे नेली होती. तिनं माझ्यासमोर बसून राहिलेली बटणं लावली आणि पिशवी मला परत दिली. म्हणाली, या थिएटरात जे जन्मेल त्याला घाला. पहिलं झबलं या मुलीला घातलं. डॉक्टरांनी फोटो काढला तो बाळासकट, आणि चार वाजता गेले.

एवढी वर्षं नोकरी केली, पण चोरी करून रुग्णसेवा पहिल्यांदाच केली.

लोभ राहू दे, आणि जेवणाच्या वेळा पाळ.

तुझी
ताई


२४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अधिवेशनाच्या धावपळीत तुझं मागचं पत्र अजून उघडायचं राहिलंय. काल सभागृहात उत्तर आलं. भाग एक: हे अंशतः खरे आहे. भाग दोन: हे खरे नाही, सदर रुग्णालयात या महिन्यात सिझेरियन शस्त्रक्रिया यशस्वीपणे पार पडली असून छायाचित्र सोबत जोडले आहे. भाग तीन: प्रश्न उद्भवत नाही.

छायाचित्रात बाळ आहे, झबलं आहे आणि कडेला एक कोपर आहे. घड्याळावरून ओळखलं, ते तुझं आहे. पुढचा प्रश्न विचारायला मी उठलो होतो, पण विचारणार काय? शस्त्रक्रिया झालीच नाही असं म्हणायचं, तर माझ्याच बहिणीचं कोपर समोर. बसलो खाली.

पण चौथ्या भागात आपण जिंकलो! रुग्णालयातून शासनास विसंगत माहिती सादर करणाऱ्या संबंधितास नोटीस बजावण्यात आली असून पुढील कारवाई सुरू आहे. बाकं वाजली गं! मास्तर म्हणाले की पहिल्याच अधिवेशनात कुणावर तरी कारवाई करून दाखवणारा सदस्य त्यांनी क्वचित पाहिलाय. वर्तमानपत्राचं कात्रण जोडलंय, आईला दाखव.

तुमच्याकडे कोण होता हा खोटी माहिती देणारा? तू जरा सांभाळून राहा.

माझ्यावर लोभ होताच, आता थोडा अभिमानही असू दे.

तुझा
धाकटा


३० मार्च

चि. चौकशीराव यास,
आशीर्वाद. वि. वि.

तू विचारलंस, तो कोण. तो नव्हे, ती. आत्ता खिडकीशी बसून चहा पिते आहे आणि तुला पत्र लिहिते आहे.

माझ्याच समोर, माझ्याच थिएटरात शस्त्रक्रिया झालेली असताना मी ‘होय’ असं का कळवलं, याचा खुलासा सात दिवसांत मागितला होता. मी लिहिलं की माझं ‘होय’ शस्त्रक्रियेच्या आधीच्या शुक्रवारचं आहे, आणि तसंही एकोणसत्तर बायका एकीकडे आणि एक मंगळवार दुसरीकडे. खुलासा समाधानकारक नाही असं ठरलं. माझी बदली दोनशे किलोमीटरवर, लसींच्या भांडारात झाली आहे. तिथे रुग्ण नसतात, बर्फाचे डबे असतात.

ज्या बाळासाठी किल्ली लपवली, त्याच्याच फोटोनं मला खोटं पाडलं. तिच्यावर राग नाही हं. वजन छान वाढतंय.

आईला कात्रण दाखवलं. तिनं ते दोनदा वाचलं आणि टीव्ही आधी बांधा म्हणाली. ती माझ्याबरोबरच येणार आहे. तुझ्याकडे सोफे फार आहेत, त्यांवरून उठता येत नाही असं तिचं म्हणणं.

तू मनाला लावून घेऊ नकोस. आणि माझ्यासाठी कुणाला फोन करू नकोस. केलास, तर त्या एकोणसत्तर जणींचा प्रश्न माझ्या खुर्चीचा प्रश्न होईल.

लोभाचं काय लिहू, तो बदलीपात्र नाही.

तुझी
ताई


८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे चौथं पत्र, आधीची तीन फाडली. तो चौथा भाग मी लावू दिला. मास्तरांना सांगितलं, तर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, इतकी वर्षं लावतोय, तो कुणाला लागतो हे कधी पाहिलंच नव्हतं.

फोन हातात घेतो आणि तुझं पत्र आठवलं की खाली ठेवतो.

दुसरी बातमी तुला टीव्हीवरून कळलीच असेल. आमचा पक्ष सरकारात गेला. सोमवारपासून मी उपमंत्री. खातं तू ओळखशील. पहिल्याच दिवशी तुमच्या भूलतज्ज्ञाच्या पदाची फाइल मागवली. सेवा सुरू असल्याचं सभागृहाला सांगितलेलं असल्यामुळे ते पद अनावश्यक ठरून शहरात वळवलंय. परत आणायचं तर ते उत्तर चुकीचं होतं असं आधी सभागृहात कबूल करावं लागतं. सचिव फार सभ्य आहेत. म्हणाले, तसं आजवर कुणी केलेलं नाही, साहेब.

मी काहीतरी मार्ग काढीन. जरा स्थिरावू दे.

लोभ मागायची लाज वाटते, तरी मागतो.

तुझा
धाकटा


२ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

या वेळी चौकशीराव लिहिलं नाही, कारण आता चौकशी दुसरेच करतात. आता तुझ्या जुन्या विरोधी बाकावर बसणाऱ्या आमदार शिक्षिकाबाईंनी तुझाच प्रश्न विचारला आहे, शब्द न् शब्द तोच. चौथा भागसुद्धा आहे. मास्तरांची प्रत कुणीतरी जपून ठेवलेली दिसते.

मला कसं कळलं? माझ्या जागी आलेल्या सिस्टरचा शुक्रवारी चार वाजता फोन आला. अतितातडीचा कागद समोर ठेवून ती मला विचारत होती, ताई, काय लिहू. तिला दोन लहान मुलं आहेत आणि सरकारी घर नुकतंच मिळालंय. मग म्हटलं, खरं असेल ते लिही आणि माहिती माझ्याकडून मिळाली असं खाली नमूद कर. चौथा भाग मला सोसतो, मला आता सवय आहे.

आकडा अठ्ठ्याहत्तर झाला आहे. थिएटरात पुन्हा रजिस्टरं गेली आहेत. सहा झबली तिथल्याच कपाटात आहेत, नव्या सिस्टरनं त्यांची जागा बदललेली नाही.

भांडारात मी बरी आहे. इथे थंडावा आहे, मोजायला डबे आहेत आणि फाटक नाही. आईनं शेवटी ‘याला उत्तर देऊ नका’ हे वाक्य आपलंच असल्याचं कबूल केलं. पण तिचं म्हणणं असं की ती पाहुण्यांना म्हणाली होती, सरकारला नव्हे.

गुरुवारी तुझ्यापुढे उत्तर येईल. सात टेबलांवरून येता येता त्याचं ‘अंशतः’ झालेलं असेल. त्याच्या मागे जोडलेला एक हातानं लिहिलेला कागद असेल. अक्षर वळणदार आहे, मुलगी घाबरत घाबरत लिहिते. तो उलटून बघ. तुझी अडचण मला कळते. तुझे सचिव सभ्य आहेत, पक्ष नवा आहे, खुर्ची त्याहून नवी आहे, आणि तुझ्या आधी कुणी तसं केलेलं नाही. तू स्थिरावला नाहीस हेही खरं. अडलेल्या बाईला मात्र स्थिरावता येत नाही रे.

माझी बदली रद्द करू नकोस, ते मी मागत नाही. लोभही या वेळी मागत नाही, तो तसाही राहील. आई टीव्हीसमोर ऐकू येणारा कान करून बसणार आहे. तू म्हणणार नाहीस, हे मला माहीत आहे, तरी मागते: गुरुवारी उत्तराला उभा राहशील, तेव्हा पहिल्या भागाला नुसतं ‘होय’ म्हण.

तुझी
ताई