एकच वारा

भडगाव, वैशाख वद्य पंचमी, रात्र

काल दुपारच्या वादळाने शेजारच्या गंगूच्या घरावरचे सगळे पत्रे उडवून नेले. आढं तेवढं राहिलं, आणि आढ्याला टांगलेला पाळणा. त्यात तिची लेक झोपलेलीच होती. नवरा काशिनाथ अंगणात बैल सोडत होता. उडता पत्रा त्याच्या मानेवर बसला. जागीच गेला.

आज दिवसभर बायका येत होत्या. प्रत्येकीने आधी पाळणा पाहिला, मग गंगूला म्हणाली, "पोरीला देवानं राखलं." मीही तेच म्हणाले. दुसरं काय म्हणणार? पण तो पाळणा डोळ्यांपुढून हलत नाही. एकच वारा, एकच अंगण.

तिन्हीसांजेला भाकरी घेऊन गेले. ती लेकीला मांडीवर घेऊन उघड्यावर बसली होती. हळूच म्हणाली, "अक्का, बठ्ठा सांगतस, पोरले देवनी राखं. मंग त्यासले कोन लई गया?"

काशिनाथला कोणी नेलं, हे ती मला विचारत होती. "आमच्याकडे झोपायला चल," एवढंच म्हणाले. तिने आमच्या कौलांकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

आभाळ पुन्हा भरून आलंय. घोंगडी घेऊन मीच तिच्याकडे जाते.