सतरा नंबरचा शिक्का

मी, खाली सही करणारा, वय एकोणसत्तर, सेवानिवृत्त तोफगोळा तपासनीस, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. आज सकाळी डॉक्टरीणबाईंनी मला वार आणि महिना विचारला, मग शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी न चुकता दोनपर्यंत उतरलो, तेव्हा त्याच म्हणाल्या, "पुरे, आता मलाच मोजता येत नाहीये." फुप्फुसे मात्र शाबूत नाहीत. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात खोटे काही नव्हते, पण सांगायचे तेच गाळले होते. ते रद्द समजावे.

कलम पहिले. हे घर, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, जिना आणि जिन्याखालचे कपाट, तसेच बँकेत जे काही असेल ते, माझ्या एकुलत्या मुलीचे आहे. तिने हे घर ठेवावे किंवा विकावे. मागच्या खोलीची खिडकी पावसाळ्यात फुगते, ती मी चाळीस वर्षे उद्या-उद्या करत राहिलो. तेवढे काम तिच्यावर टाकून जातो आहे.

कलम दुसरे. आमच्या आईचे शिवणयंत्र माझ्या धाकट्या भावाच्या बायकोने "दोन दिवसांसाठी" नेले, त्याला एकवीस वर्षे झाली. ते मी तिलाच देतो. निदान इथून पुढे ते तिच्याकडे हक्काने राहील.

कलम तिसरे, माझा धाकटा भाऊ. त्याला काय द्यायचे हे सांगण्याआधी का द्यायचे ते सांगणे भाग आहे. वकिलांच्या मते असली हकिकत मृत्युपत्रात शोभत नाही. वकिलांनी ती स्वतःच्या मृत्युपत्रातून वगळावी.

मी एकतीस वर्षे तोफगोळे तपासले. गोळ्याच्या बुडाशी तांब्याचा पट्टा असतो. त्यावर हलक्या हाताने ठसा मारायचा: चांगल्याला गोल, बाद मालाला त्रिकोण, आणि शेजारी तपासनिसाचा नंबर. माझा नंबर सतरा.

युद्धाच्या तिसऱ्या वर्षी आपल्याकडचे गोळे संपत आले. एका तोफेला दिवसाला तीन गोळे, असा हुकूम निघाला. समोरून शंभर यायचे. माझा भाऊ तेव्हा खरेदी खात्यात मोठ्या हुद्द्यावर होता. परदेशी जाऊन मिळेल तिथून गोळे आणायचे काम त्याच्यावर आले आणि माल पारखायला त्याने मला बरोबर घेतले. दोन देशांनी आम्हाला दारातूनच परत पाठवले. तिसऱ्या देशात एक व्यापारी भेटला. लोकरी कोट, मऊ हात, प्रत्येक वाक्याआधी आमच्या तब्येतीची चौकशी. त्याच्या गोदामात छतापर्यंत पेट्या रचलेल्या होत्या. गोळ्यांना नवा कोरा हिरवा रंग होता. तो रंग तांब्याच्या पट्ट्यावरही दिलेला पाहून मला खटकले. पट्ट्याला कुणी रंग देत नाही. मी चाकूने खरवडले. खाली त्रिकोण होता, आणि शेजारी सतरा.

ते आपलेच गोळे होते. एकोणीस वर्षांपूर्वी बुडाशी केसासारख्या चिरा सापडल्या म्हणून मी ती सगळी खेप बाद केली होती. वितळवण्यासाठी म्हणून ती भंगारात गेली. वितळवली कुणीच नाही. रंगवून आपल्यालाच विकायला काढली होती.

मी भावाला पेट्यांच्या मागे ओढून नेले. तिथे आणखी एक पट्टा खरवडून दाखवला; त्याने त्रिकोणावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "दादा, शंभरातले किती चालतील?"

"पंचवीस फुटणारच नाहीत, जमिनीत रुतून बसतील. आणि एखादा तोफेच्या नळीतच फुटेल."

"म्हणजे चौऱ्याहत्तर चालतील."

"नळीजवळ माणसं असतात रे."

"आघाडीवर खंदकातही आपलीच माणसं आहेत. त्यांच्याकडे आज काय आहे? तीन गोळे. तू नाही म्हण, मी तुला दोष देणार नाही. पण घरी जाऊन त्यांना तूच सांग, की माल होता आणि आम्ही आणला नाही."

हे त्याचे म्हणणे मला तेव्हा खोडता आले नाही. खरे सांगायचे तर आजही येत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आहे. मी एक अट घातली. हे गोळे डागताना तोफेचा चाप ओढायची दोरी वीस हात लांब घ्यावी आणि सर्वांनी खड्ड्यातून डागावे, अशी सूचना प्रत्येक पेटीत गेली पाहिजे. भाऊ लगेच हो म्हणाला. मी सूचना लिहिली, छापून घेतली, पेट्यांत घातली. त्रिकोण घासून काढायला सवड नव्हती, म्हणून नऊ दिवस मी प्रत्येक त्रिकोणाभोवती गोल ठोकत होतो.

बंदरावर माल जहाजात चढताना एक पेटी घसरून उघडी पडली. आत कागद नव्हता. मी दुसरीची फट करून पाहिली, तिच्यातही नव्हता. भाऊ दहा पावलांवर उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "शिपाई घाबरले तर तोफ कोण चालवणार?" जहाज तासभर तिथेच होते आणि मी तासभर गप्प होतो. या मृत्युपत्रात माझ्या मालकीचे म्हणून जे जे लिहिले आहे, त्यात हा तास आधी धरावा.

परत आल्यावर आम्हा दोघांना तातडीच्या खरेदीबद्दल प्रशस्तिपत्रे मिळाली. माझे मी भावाला देतो, म्हणजे त्याच्याकडे जोडी होईल. चौकट आणि काच मात्र मुलीकडे राहील, लाकूड चांगले आहे.

युद्ध थांबल्यावर दुसऱ्या वर्षी एक माणूस जिना चढून वर आला. तोफखान्यातला हवालदार, उजवा हात खांद्यापासून नव्हता. मुलगी तेव्हा टेबलाशी बसून भाजी निवडत होती. त्याने खिशातून तांब्याचा वाकडा तुकडा काढून तिच्यासमोर ठेवला.

"सतरा नंबर तुम्हीच का?"

"हो."

"यावर त्रिकोण आहे, आणि भोवती गोल आहे. यातलं खरं कोणतं?"

मी म्हटले, "त्रिकोण."

तो बसला. त्याच्या तोफेवर चौघे होते, तो एकटा राहिला. मी पाण्याचा पेला पुढे केला, तो त्याने घेतला नाही. म्हणाला, "त्या आठवड्यात तुमचे गोळे आले नसते तर पूल गेला असता. पुलाच्या अलीकडे माझं घर आहे. तेव्हा गोळे का आणले, असं मी विचारत नाही."

मी त्याला सूचनेची हकिकत सांगितली.

"एवढंच करायचं होतं?" तो म्हणाला. "दोरी होती की आमच्याकडे. भरपूर होती."

तो गेल्यावर मुलीने विचारले, "बाबा, पेट्यांत कागद नाहीत हे तुम्ही स्वतः पाहिलंत?" मी हो म्हटले. त्या दिवसापासून ती मला वेळेवर वाढते, औषध देते, पण माझ्याबरोबर जेवायला बसत नाही. मी जेवतो तोवर ती खिडकीशी पाठमोरी उभी असते. तिची काही चूक नाही, हे इथे लिहून ठेवतो, कारण तोंडाने सांगायला गेलो की खोकला येतो.

कलम चौथे. त्या सूचनेची माझ्या अक्षरातली प्रत जिन्याखालच्या कपाटात आहे. तिच्या आणि वरच्या कलमाच्या नकला त्या तिघा शिपायांच्या घरी पोचवाव्यात. पत्ते हवालदाराने दिले आहेत. पाकिटे टपालाने पाठवू नयेत, हातात द्यावीत. हे काम खालच्या मजल्यावरच्या पुस्तकबांधणीवाल्या शेजाऱ्याने पत्करले आहे. भाऊ अडवायला येईल. शेजाऱ्याने त्याला चहा द्यावा, पाकिटे देऊ नयेत.

कलम पाचवे. माझी मापे, भिंग, कॅलिपर आणि पितळी हातोडी माझ्या जागी आलेल्या तपासनीस बाईंना द्यावीत. त्याच व्यापाऱ्याची पुढची खेप त्यांनी नाकारली आणि महिन्याभरात त्यांची बदली कागद मोजण्याच्या खात्यात झाली. त्या परत तपासणीवर येतील की नाही ठाऊक नाही. हत्यारे तरी योग्य हातात असावीत. माझा शिक्का कुणालाही देऊ नये, भट्टीत टाकावा.

कलम सहावे. माझ्यामागे कुणी भाषण करू नये. भावाला अंत्ययात्रेला येण्याची मनाई नाही, पण त्याने खांदा देऊ नये.

कलम सातवे, साक्षीदारांबद्दल. मूळ मसुद्यात मी घराचा अर्धा भाग हवालदाराच्या नावे केला होता. मुलगीही त्याला तयार होती. गेल्या आठवड्यात तो मी त्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, "साक्षीदार कोण?"

"एक डॉक्टरीणबाई. दुसरा ठरायचाय."

"मग मी होतो."

मी त्याला समजावले, की साक्षीदार झालात तर कायद्याने यातले काहीच तुम्हाला मिळणार नाही.

"माहीत आहे," तो म्हणाला. "विचारूनच आलोय."

तो मसुदा मी फाडला. आज त्याने हा सगळा मजकूर टेबलाशी बसून स्वतः वाचला. त्या तिघांविषयी एके ठिकाणी मी 'अपघात' असा शब्द लिहिला होता, तो त्याने खोडायला लावला. वाचून झाल्यावर मी त्याला विचारले, माझ्यावरचा राग थोडा तरी उतरला का.

तो म्हणाला, "सही कुठे करायची ते दाखवा."

मी दाखवले.

ठिकाण: माझे राहते घर, वरचा मजला
दिनांक: ९ मार्च, सकाळी अकरा

मृत्युपत्र करणार: (सही) सेवानिवृत्त तपासनीस

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत त्यांनी सही केली आणि त्यांच्यादेखत आम्ही.

साक्षीदार पहिली: (सही) डॉक्टरीणबाई
साक्षीदार दुसरा: (सही, डाव्या हाताची) तोफखान्याचा माजी हवालदार