लिफ्ट चौथ्या मजल्यावर येताना

प्रिय कानबाई,

माझ्यावर एक घोर अन्याय झालाय आणि तो ऐकून घ्यायला तुझ्याइतकं लायक माणूस मला दिसत नाही. माझ्या खोलीच्या दाराला कोणीतरी तेल घातलंय. अकरा वर्षं ते दार करकरायचं आणि त्या करकरीच्या जोरावर मी या संस्थेत अब्रू राखून होतो. दार वाजलं की डुलकी मोडून एखादा कागद हातात घ्यायला पुरते तीन सेकंद मिळायचे. आता प्राचार्य थेट मानेमागे उगवतात. हे पाप कोणाचं म्हणून चौकशी केली, तर शिपाई म्हणाला, साहेब, तक्रार तुमचीच होती. असेलही.

येणाऱ्याची चाहूल आधी लागण्यात केवढी चैन असते आणि केवढी भीती, हे तुला मी काय सांगावं. पण विद्यार्थ्यांना सांगावं लागतं. यंदा मी त्यांना थरारपटाची सुरुवात कशी बांधायची ते शिकवतोय. मंडळी हुशार आहेत, फक्त दम नाही. एका पठ्ठ्याने पहिल्या मिनिटात तीन खून पाडले, वर ढोल, आणि कॅमेरा असा हलतो की धरणाऱ्याला हिवताप भरला असावा. मी म्हटलं, बाबा रे, चौथा जीव प्रेक्षकाचा गेला. मग त्यांना आपल्या त्या जुन्या चित्रपटाच्या सुरुवातीची चार मिनिटं दाखवली. ग्रंथालयाच्या बाईंनी त्या चित्रपटाची नवी, स्वच्छ प्रत मिळवलीय. ती आता कायमची अभ्यासाला लागणार. सोबतच्या माहितीपत्रकासाठी एक अर्ज भरायचा होता, तो चार दिवस माझ्या टेबलावर पडून राहिला. त्यात एक ओळ आहे: सुरुवातीच्या प्रसंगाची कल्पना कोणाची. बाईंनी माझी सोय म्हणून तिथे पेन्सिलीने माझं नाव लिहूनही ठेवलं होतं. मी फक्त त्यावरून पेन फिरवायचं.

त्या प्रसंगाच्या संकलनात मी आधी काय रांधून ठेवलं होतं ते तुला आठवत असेलच. एक बाई चौथ्या मजल्यावर नवऱ्याचा शर्ट इस्त्री करतेय, स्वतःशी गुणगुणतेय, आणि खालून लिफ्टने कोणीतरी वर येतंय. मी लिफ्टमधल्या माणसाचा चेहरा घेतला, मग त्याचे बूट, मग पुन्हा चेहरा, न जाणो कोणी विसरलं तर. खाली व्हायोलिनांचा आक्रोश. चार मिनिटांत एकतीस कट. मला कात्री हे नाव तू उगीच नव्हतं ठेवलंस. मग तुझा ध्वनीचा तक्ता आला, कोणता आवाज कितव्या सेकंदाला लागणार तो कागद. त्यात लिफ्टचा आवाज पुरं एक मिनिट आधी सुरू होत होता, आणि व्हायोलिनांच्या रकान्यात नुसती रेघ. मी लाल पेन्सिलीने ‘चूक’ असं लिहून कागद परत धाडला. तो जसाच्या तसा आला. माझ्या ‘चूक’खाली तू लिहिलं होतंस, ‘ऐक’.

दोन दिवस मी तुझ्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी, तू जेवायला गेलीस तेव्हा, चोरासारखं तुझ्या तक्त्याप्रमाणे आवाज लावून ऐकलं. तळमजल्यावर लिफ्टचं दार लागतं. बाई गुणगुणतेच आहे. पहिला मजला, खट्. दुसरा, खट्. तिला ऐकू येत नाही, आपल्याला येतंय, आणि आपण तिला सांगू शकत नाही. तिसऱ्या मजल्याला गुणगुणणं थांबतं. मी तिथे चेहऱ्यावर कट मारणार होतो. तू तक्त्याच्या कडेला खरडलं होतंस की इस्त्रीवरच राहा. राहिलो. इस्त्री कॉलरवर तशीच, हात हलत नाही, धुराची एक रेघ वर जाते. लिफ्ट थांबते. शीर्षक. माणूस दिसतच नाही. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो काटा मी तू यायच्या आत झटकून टाकला.

पहिल्या खेळाला माझ्या पुढच्या रांगेतला गृहस्थ तोंडातला घास चघळायचा थांबला. दिग्दर्शकाने माझ्या पाठीत थाप घातली, काय डोकं चालवलंस लेका. तू दोन खुर्च्या सोडून बसली होतीस. मी म्हटलं, सुचलं. एवढा एकच शब्द. पुढे मुलाखतींमध्ये त्या शब्दाला फांद्या फुटल्या. एका ठिकाणी तर मी घरी शर्ट इस्त्री करत असताना कल्पना स्फुरली, असंही सांगून बसलो. बायकोने ती मुलाखत वाचली, नीट घडी करून कपाटात ठेवली, आणि त्या दिवसापासून माझे शर्ट माझ्या गळ्यात पडले. तुझं नाव नामावलीत गाड्या पुरवणाऱ्यांच्याही खाली होतं. तीन वर्षं कामासाठी चपला झिजवून तू निघून गेलीस. आता लोकांचे कान तपासतेस, छान चाललंय म्हणतेस, आणि त्यावर माझा विश्वास आहे. सव्वीस वर्षांच्या पत्रांत तू गुडघे, कुत्रा, लेकीचं लग्न, सगळं लिहिलंस. ही एक गोष्ट कधी विचारली नाहीस. विचारली असतीस तर मी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. माझ्या नावावर चाळीस चित्रपट आहेत, पण मला ओळखतात ते या चार मिनिटांवर. ती गेली की उरतो एक कापाकापी करणारा म्हातारा, म्हणून चार दिवस लागले.

आज सकाळी खोडरबर घेतलं, आणि त्या ओळीत शाईने तुझं नाव लिहिलं. माहेरचं, तेव्हा तक्त्यावर तू लिहायचीस तसंच. ओळ एकाच नावापुरती होती, ते एका अर्थी बरंच झालं. नाहीतर मी ‘आणि’ लिहून स्वतःला आत घुसवलंच असतं. वर्गालाही सांगितलं. पठ्ठ्या म्हणाला, मग सर, त्यांनाच बोलवा ना. म्हणून हे पत्र. येत्या महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी, अकरा वाजता, तास तुझा. पडद्यासमोर तू उभी राहा आणि काय ऐकायचं ते त्यांना सांग. मी मागे यंत्रापाशी बसेन. तू म्हणशील तिथे चित्र थांबवीन, आणि म्हणशील तेव्हाच पुढे नेईन.

तुझाच,
कात्री