बोलणं झालंय

मंगळवार, ९ सप्टेंबर

चि. धाकटोबांस अक्काचे अनेक आशीर्वाद.

तू चर्चचा पाळक झाल्यापासून आशीर्वाद कुणी कुणाला द्यायचे याचा घोळच आहे. पण वयाचा मान अजून माझ्याकडे आहे, तेवढा चालवून घे. इकडे सर्व क्षेम. संस्कृतच्या तासाला नववीच्या वर्गाला ‘देव’ शब्द चालवायला सांगितला, तर निम्मी मुलं चतुर्थीपाशी अडखळली. ‘देवासाठी’ म्हणायची वेळ आली की मोठेही अडखळतात, म्हणून रागावले नाही.

देवळातलं नवं व्यासपीठ छान झालंय, हे रविवारी सांगायचं राहिलं. तीन पायऱ्या, वर मेज, आणि मागच्या बाकावरूनही तू अख्खा दिसतोस. लहानपणी तुझ्याकडून ‘पुरोहित’ची फोड घोकून घेतली होती: पुरः हित, पुढे ठेवलेला. इतकी मनावर घेशील असं वाटलं नव्हतं.

प्रभुभोजनाच्या वेळी नेहमीसारखी मी सगळ्यांना वाटायच्या भाकरीचं ताट घ्यायला पुढे आले, तर ते भावजयीच्या हातात. तू वरून मायेने म्हणालास, “अक्का, तू बसून घे. तुझ्यापर्यंत आणून देतील.” शेजारच्या बाईंना गहिवरून आलं, भावाला किती काळजी! माझ्या चालीत एक पाय गुरू, एक लघू, हे जन्मापासूनचं. पण याच छंदात मी वर्षानुवर्षं ताट फिरवलं, तुकडा सांडला नाही.

बसले. भाकर घेतली. 

मला वाटलं, चर्चच्या पंचांनी ठरवलं असेल. पंच सोयीचे असतात, काहीही त्यांच्यावर ढकलता येतं. पण काल सुतारकाका माझ्या खिडकीची बिजागरी बदलायला आले होते. बोलता बोलता म्हणाले, पायऱ्यांना कठडा करायचा म्हणून त्यांनी लाकूड तासूनही ठेवलं होतं, खास माझ्यासाठी. तुला विचारलं, तर तू म्हणालास, “कठडा नको. अक्का आता वर येणार नाही. माझं तिच्याशी बोलणं झालंय.”

मग त्यांनी मला विचारलं, पाय फारच दुखतो का. मी हो म्हटलं. तुझा शब्द खाली पडू नये म्हणून.

बायबलात मोशेच्या नियमात अहरोनाच्या, म्हणजे याजकांच्या, कुळातल्या लंगड्याला वेदीपाशी जायला मनाई होती. पवित्र भाकर खायला मात्र मुभा. म्हणजे बसून घे, आणून देतील. नियम तुला तोंडपाठ आहे. पण तुझं पहिलं प्रवचन मलाही पाठ आहे, माझ्याच स्वयंपाकघरात बसून लिहिलं होतंस. जुन्या याजकाला शरीराचं एवढंसं व्यंग चालत नसे, आपला महायाजक मात्र क्रुसाच्या खिळ्यांनी भोकं पडलेल्या हातापायांनी देवापुढे उभा राहिला. कमरेला रुमाल बांधून इतरांचे पाय धुणाराही तोच. म्हणून सेवेला कुणीच अपात्र नाही. इथे थांबून तू माझ्याकडे बघितलंस. सगळ्या मंडळीसमोर.

त्या बघण्याला धरून मी इतकी वर्षं चालले रे. दुसरा कठडा मी मागितला नव्हता.

त्या जखमी पायांनी तो स्वतः आला, तर त्यालाही बसूनच घ्यायला सांगशील का?

‘सेव्’ धातूचा जुना अर्थ जवळ राहणं. हा तुला शिकवायचा राहून गेला. ती चूक शिक्षिकेची.

लाकूड सुतारकाकांकडे तयार आहे. येत्या रविवारी मी बाकावर बसणार नाही. पहिल्या पायरीपाशी उभी राहीन. कठडा असला तर वर येईन. नसला तर तिथेच उभी राहीन, रिकाम्या हातांनी, तुला अख्ख्याला बघत.

लोकांना मात्र आता खुशाल सांग, तुझं माझ्याशी बोलणं झालंय. या पत्राच्या आधी ते खोटं होतं.

तुला अजूनही खोटं पडू न देणारी,
अक्का