बद्द वाजणारा रुपया

आबा,

तुमच्या भिंगाची मूठ अजून डुगडुगते. बाप जाताना मुलाला जमीन देतो, दागिने देतो, तुम्ही डुगडुगणारी मूठ दिलीत आणि वर म्हणालात, "नीट वापर." या अन्यायाची दाद बारामतीत कोणत्या कचेरीत मागावी, हे पाठशाळेत शिकवलं नव्हतं.

दुकानातला काळा दगडही तसाच आहे. जुनं नाणं विकायला आलेल्याच्याच हातून तुम्ही ते दगडावर टाकून घ्यायचात. "तूच टाक, तूच ऐक. उद्या म्हनू नगं, आबानं फसवलं." खणकन वाजलं तर खरं, बद्द वाजलं तर खोटं. सगळा बाजार तुम्हाला सत्यवचनी म्हणायचा. बावडा गावची ती बाई आठवते? सासूच्या गळ्यातला रुपया घेऊन आलेली. तिनं टाकला, बद्द वाजला. "पुन्ना टाकू का आबा?" "टाक की. तू दमशील, दगड न्हाय दमत." बाकावरची माणसं हसतात, ती पुन्हा टाकते, पुन्हा बद्द. शेवटी मोडीच्या भावात देऊन, सासूला शिव्या घालत गेली. मेलेल्या माणसाला बाजू मांडता येत नाही. आता तुम्हालाही येत नाही, म्हणून सुचतंय तेवढं लिहून घेतो. ती गेल्यावर तुम्ही मला भिंगातून दाखवलंत: गळ्यात घालायला कडी डाख देऊन जोडलेली, तिथं केसाएवढा तडा. तडकलेलं खरं नाणंही बद्दच वाजतं. मी म्हणालो, "मग तिला सांगायचं की." तुम्ही पानाला चुना लावत म्हणालात, "मी कुठं खोटं बोललो? दगड बोलला." मौनाला तप म्हणतात. तुमच्याएवढा तपस्वी इथून इंदापूरपर्यंत झाला नाही.

काल सणसरचे एक म्हातारे तात्या आले. दगड दिसला तसा त्यांनी आपणहूनच रुपया टाकला. बद्द. तात्या कसंनुसं हसले. "आईनं जलमभर पुजला, आन् ह्यो खोटा निगाला. म्हातारी येडीच म्हनायची. ऱ्हावू द्या हितंच. परवा बाजाराला येतो, काय मोड यील ती द्या."

ते गेल्यावर भिंग धरलं. कडीपाशी तडा आहे. नाणं खरं आहे, आबा, आणि इतकं दुर्मिळ की तुमचाही चुना पानाऐवजी धोतराला लागला असता.

उद्या त्यांना नाणं खरं असल्याचं सांगायचं, ते वाक्य मला पाठ आहे. पण काल ते आईला वेडी म्हणाले, तेव्हा रुपयाची कडी मला दिसत होती, तरी मी गप्प बसलो, आणि गप्प बसणं मला जराही जड गेलं नाही. काळजी त्याची वाटते.